भिंतींना धडकणारी चिझुए

चिझुए तेरा वर्षांची असताना तिच्या पायावरून घरात एकदा भांडण झालं, ते तिनं कागदी दारामागं उभं राहून ऐकलं. उभं राहून म्हणायचं आपलं, एक टाच वर नि एक खाली चाललेलीच होती.

भांडत होते तिचा बाप आणि आजी. बाप निशिजिन या मागांच्या पेठेतला विणकर, किमोनोवर बांधायचे रेशमी पट्टे विणणारा. चार महिन्यांपूर्वी त्यानं पोरीला मागावर बसवलं होतं.

"ती बसली की सबंध माग थरथरतो," बाप म्हणाला. "हा बघ पट्टा. शेवंतीला उचकी लागल्यासारखं दिसतं. उसवून परत विणायला आठ दिवस गेले माझे. तिचा पाय बांधायला हवा."

"तुझाही हलायचा," आजी म्हणाली. "मी बांधला होता, तागाच्या दोरीनं, मागाच्या खांबाला. पाय थांबला, पण त्याबरोबर तोंडही थांबलं तुझं. तेव्हापासून चार शब्दांवर पाचवा नाही. आज भांडतोयस तेवढाच."

"पाय हलवणाऱ्याच्या घरी दरिद्र येतं, हे तूच सांगायचीस."

"सांगायचे. दरिद्र आलं ते लोकांनी किमोनो नेसायचं सोडलं म्हणून. पोरीच्या पायाला विचारून नाही आलं."

पाचवा शब्द बापाला सुचला नाही. चिझुएचा पाय वाचला. मागावरून मात्र तिला उठवलं आणि नक्षीच्या कागदावर लावलं. विणायच्या आधी सगळी नक्षी बारीक चौकोनांच्या कागदावर काढतात, एकेक चौकोन रंगवत. एक चौकोन चुकला की पट्ट्यावर पाकळी चुकते. हे काम उभ्यानं करता येतं. ती भिंतीला फळी लावून, पाय हलवत, वर्षानुवर्षं चौकोन रंगवत राहिली. पाय हलायचा पण हात हलायचा नाही, हे बघून आजी बापाकडं नुसती बघायची.

मग लग्न झालं. नवरा मिळाला मोरिवाकी, शहर बसचा ड्रायव्हर. दिवसभर बसून घरी आला की पुन्हा बसायचं, हा त्याचा छंद. ती ताटं मांडायची, उचलायची, मधेच फाटकाला कडी लावली का बघून यायची. "तुझ्याबरोबर जेवायचं म्हणजे चालत्या बसमध्ये जेवायचं," तो म्हणायचा, आणि शांतपणे भाताचा दुसरा वाडगा पुढं करायचा. लोणच्याच्या दुकानात गल्ल्यावर ती तीन महिने टिकली, शिवणाच्या कारखान्यात सहा आठवडे. पेपर टाकायचं काम तेवढं चौदा वर्षं केलं, कारण तिथं कुणी बसायला सांगत नाही. गुडघ्यानं कुरकुर केल्यावर सायकल सुटली आणि ती झाडलोटीची कामं बघू लागली.

त्या सुमाराला निशिजिनात दर गल्लीत एखादा माग बंद पडायचा. टोफूवाल्याच्या वरचा कारखाना असाच रिकामा झाला, तो एका लहानशा कंपनीनं भाड्यानं घेतला. सात माणसं, टेलिव्हिजनवर खेळायचे खेळ बनवायची. एक राज्य, एक शूर पोरगा, त्याच्या संगतीला तिघं, आणि वाटेत राक्षस. चिझुए तिथं झाडायला जायची.

एके दिवशी सेगावा नावाचा तरुण नूडल्स खायला खाली गेला. तोच खेळाचं आतलं यंत्र जुळवायचा. टेबलावर बटणांची पेटी पडली होती आणि पडद्यावर तो शूर पोरगा राजवाड्यात उभा होता. नुसता उभा. चिझुएला ते बघवेना. तिनं झाडू बगलेत धरला आणि पेटी उचलून त्याला चालवलं. भिंतीला लावलं, थांबला. दुसऱ्या भिंतीला लावलं, थांबला. तिसऱ्या भिंतीतून तो सरळ बाहेर गेला आणि काळ्याभोर अंधारात जाऊन उभा राहिला.

सेगावा परत आला आणि दारातच थांबला. "काकू, याला कुठं नेलंत?"

"मी नाही नेलं. तुमची भिंत उघडी होती."

ते छिद्र शोधायला त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मालक हिराओकासान झाडूकडं बघत म्हणाले, "मोरिवाकीसान, तुम्ही हे राहू द्या. तुम्ही आमच्या भिंतींना धडका मारा."

ही गोष्ट तिनं जेवताना नवऱ्याला सांगितली तेव्हा तो चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाला, "एवढी वर्षं फुकट मारत होतीस."

कामाची पद्धत तिनं स्वतःच बसवली. बापाकडं नक्षीचे कोरे कागद पडून होते, ते तिनं आणले. खेळातली प्रत्येक गुहा, प्रत्येक गाव त्या चौकोनांवर उतरवायची. मग शूर पोरग्याला चौकोनाचौकोनानं न्यायचं आणि चारी बाजूंना धडकवायचं. धडकून झालं की तो चौकोन लाल पेन्सिलीनं भरायचा. विहीर, जिना, खजिन्याची पेटी, देवळाची पायरी, काही सोडायचं नाही. बाकीची पोरं खेळ खेळून बघायची, ती खेळ चाचपून बघायची. टेबलाशी बसल्यावर पाय चालायचाच. शेजारच्या घरात अजून चालू असलेल्या दोन मागांची खडखड भिंतीतून यायची, पाय तिच्या तालावर.

लढाया तिला आवडत नसत. चार पावलं चालावीत, तर पडदा लखकन उजळायचा आणि समोर राक्षस. दगडी खेकडे, जळते कंदील, आरशाचे पंख असलेले पतंग. मग खाली पाटी यायची: लढा, मंत्र, औषध, पळा. आपण हुकूम द्यायचा, आपली माणसं एक घाव घालणार, मग त्यांची पाळी. पाळीनं मारामारी, पंगतीत वाढल्यासारखी. चिझुए कायम पळा म्हणायची.

"भिंत मोजू देत नाहीत मेले," ती म्हणायची. "आणि हा पोरगा तीन दिवस गुहेत आहे, पोटात एक औषधी पाला. कशाला लढवायचं त्याला?"

"लढल्याशिवाय तो मोठा कसा होणार?" सेगावा विचारायचा.

"तुम्ही कुठं लढता? मोठे झालातच की."

सेगावा चष्मा पुसायचा. त्याला सत्ताविसावं चालू होतं आणि मोजे जोडीचे नसत.

अशी चार वर्षं गेली, पाच खेळ झाले. खेळ पुरा झाला की त्याची शेवटची प्रत एका पेटीत घालून ओसाकाला पोचवायची, तिथून ती कारखान्यात जायची. एकदा चिपमध्ये भाजली की भाजली. टेलिव्हिजनच्या यंत्रात खुपसायचे लाखभर डबे निघणार, त्यात पुढं टाका घालता येत नाही. पोचवायचं कामही चिझुएकडंच आलं. पोरं रात्रभर जागून टेबलावर झोपलेली असायची आणि तिला तर बाहेर पडायला निमित्तच हवं असायचं.

सहावा खेळ सगळ्यांत मोठा होता. नाव 'आठव्या आरशाचं राज्य'. सोमवारी सकाळी प्रत निघायची होती. त्याआधीच्या गुरुवारी हिराओकासान चिझुएच्या टेबलाशी आले.

"मोरिवाकीसान, या खेपेला पळायचं नाही. तुम्ही सदा पळता, त्यामुळं भिंतीलगत लढाई झाली तर काय होतं, हे कुणी बघितलेलंच नाही. शेवटची गुहा लढत जा."

"हुकूम," म्हणून ती आरशांच्या गुहेत उतरली.

लढताना तिच्या ध्यानात आलं की तिला ते जमतंय. संगतीच्या तिघांपैकी आधी जोगीणबाईला औषध द्यायला सांगायचं, मग म्हाताऱ्याला थंडीचा मंत्र, चोरट्याला मागं ठेवायचं, शूर पोरग्याला पुढं. घर चालवण्यातलंच ते, कुणाला आधी वाढायचं एवढाच प्रश्न. सहा मजले खाली उतरेपर्यंत तिचा पाय शिवणयंत्रासारखा चालला होता. डाव्या भिंतीशी पतंगांचा थवा आला. चौथ्या फेरीत शेवटचा पतंग पडला. 'राक्षस हरले' अशी पाटी आली, गेली, गुहा परत दिसली.

शूर पोरगा खडकाच्या आत उभा होता.

तिनं वर लावलं. भिंत. खाली, भिंत. उजवीकडं, डावीकडं, भिंत. चारी अंगांनी चिणलेला. या खेळात कुठंही मेणबत्ती लावली की तिथवरचा खेळ डब्यात जपून ठेवला जायचा, आणि एका डब्यात मेणबत्ती एकच. एखादं पोर सबंध हिवाळ्याची सुट्टी खेळून इथवर येईल, आईनं जेवायला हाक मारली म्हणून इथं मेणबत्ती लावेल आणि मग कायमचं खडकात. पहिल्यापासून सुरू करण्याशिवाय वाट नाही.

"सेगावासान, इकडं या," ती म्हणाली, आणि ते म्हणताना गुडघा टेबलाखालच्या तारेवर आपटला. यंत्र बंद पडलं, पडदा काळा झाला.

सेगावा आला तेव्हा बघायला काही नव्हतं.

"खडकात होता," चिझुए म्हणाली.

"तार ढिली झाली असेल. तार हलली की चित्र कुठंही जातं."

"तार नंतर निसटली. आधी खडकात गेला."

"नक्की?"

ती नक्की म्हणाली, पण म्हणताना तिला आपलाच पाय दिसला, अजून चाललेला.

कंपनीत नियम होता: दुसऱ्यांदा दाखवता आलं तरच ते छिद्र. एकदा दिसलेलं कुणी मानायचं नाही, नाहीतर खेळ कधी पुराच व्हायचा नाही. शुक्रवारी सातही जण आरशांच्या गुहेत उतरले. डाव्या भिंतीशी लढले, उजव्या भिंतीशी लढले. शंभरावर लढाया झाल्या. शूर पोरगा आपल्या जागी, शहाण्यासारखा. चिझुएनंही लढून बघितलं, पण सगळे पाठीशी उभे, त्यामुळं ती अवघडून गेलेली. काही झालं नाही.

संध्याकाळी जिन्याखाली चपला घालताना तिला वरचं बोलणं ऐकू आलं.

"बिचारीच्या पायानं तार हलली, आणि आपला शुक्रवार गेला," एक जण म्हणाला.

"तिनं आजवर नसलेलं छिद्र सांगितलेलं नाही," हा सेगावा.

"मग दाखवू दे की."

हिराओकासान काही बोलले नाहीत. तेच तिला लागलं.

घरी ती जेवली नाही. ओटा तीनदा पुसला. नवरा म्हणाला, "तू बघितलंस ना?"

"बघितलं. पण पाय हलत होता."

"पायानं बघितलंस का?"

मग उठून तिनं कपाटातून किमोनोची जाड रेशमी दोरी काढली, ओढून बघितली आणि पिशवीत टाकली.

शनिवारी सकाळी सगळ्यांच्या देखत तिनं आपला उजवा पाय टेबलाच्या पायाला बांधला. पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं वाटलं असतं. दिवसभर ती तशी बसली, पाठ ताठ, एकेक लढाई सावकाश. पतंग, खेकडे, कंदील. प्रत्येक लढाईनंतर नक्षीच्या कागदावर बारीक खूण. शनिवारी ब्याण्णव खुणा झाल्या. शूर पोरगा एकदाही खडकात गेला नाही. पायाला मुंग्या आल्या, आणि मुंग्या पायातून वर डोक्यात शिरल्या. खरंच बघितलं होतं का आपण? डोळ्यांपुढं तीन दिवस पतंगच तर नाचतायत.

रविवारी बारापासून ती परत पाय बांधून बसली. दुपारी हिराओकासाननी तिच्यासाठी चहा आणून ठेवला. "मोरिवाकीसान, आज सहापर्यंत बघू. नाही दिसलं तर वहीत 'आढळलं नाही' असं लिहितो. तुमचा यात काही दोष नाही."

"दोष नाही म्हणताय, म्हणजे आहे," ती म्हणाली.

ते नमस्कारासारखं वाकले आणि गेले.

चारच्या सुमाराला खाली टोफूवाल्याचा भोंगा वाजला. गाडी घेऊन तो गल्लीत निघाला की दोन सूर वाजवायचा. त्या भोंग्याला चिझुए रोज उठायची, वरच्या मंडळींसाठी तळलेला टोफू आणायला. आजही ती उठली, बांधलेला पाय विसरून. टेबल फरफटलं, कप आडवा झाला, चहा दोरीवर सांडला.

"जळ्ळा मेला पाय," ती म्हणाली. गाठ ओली होऊन आवळली होती. तिनं ती दातांनी सोडवली. पडद्यावर लढाई अर्धी राहिली होती, टोफूवाला पुढं चालला होता. तिनं उभ्याउभ्याच पेटी उचलली, लवकर संपवून खाली पळायचं म्हणून. चार तास कोंडलेला पाय असा सुटला की फरशी वाजली. शेवटचा पतंग पडला. 'राक्षस हरले'. पाटी गेली.

शूर पोरगा खडकात होता.

चिझुएनं पेटी टेबलावर ठेवली. जपून, अंडं ठेवावं तशी. मग ती तीन पावलं मागं सरली, तारेपासून लांब, आणि खोलीच्या मधोमध पाय हलवत उभी राहिली.

"सेगावासान," ती हळूच म्हणाली, "या. मी इथं आहे. तार तिथं आहे."

सेगावा आला. त्यानं पेटी उचलून वर, खाली, उजवीकडं, डावीकडं लावलं. चार भिंती. तो खाली बसला.

"काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. टोफू आणायला निघाले होते."

"परत करा. जसं केलं तसं."

तिनं मेणबत्तीपासून खेळ परत लावला आणि दुसरी लढाई उभ्यानं केली. सेगावा पडद्याकडं बघत नव्हता, तिच्या हाताकडं बघत होता. पाटी आली तेव्हा त्याला दिसलं. पाय चालत होता, आणि पायाच्या ठेक्यावर तिचा अंगठा बटणावर डावी-उजवी, डावी-उजवी चालला होता. नक्षी रंगवताना हात कधी हलला नव्हता, कारण हातात पेन्सिल होती. बटणांच्या पेटीवर अंगठ्याला काम नसलं की तो पायाच्या संगतीला जायचा. पाय बांधला की अंगठाही बसायचा.

"पाटी जाते आणि गुहा परत येते, त्याच्या मधे एक क्षण आहे," सेगावा सावकाश म्हणाला. "त्या क्षणात भिंत आहे की नाही, हे यंत्र विचारत नाही. अंगठा तेवढ्यात दाबलेला असेल तर पाऊल पडतं. भिंतीत पडतं. फक्त याच गुहेत नाही, सबंध खेळात पडत असणार."

"मग तुमच्या कुणाला कसं झालं नाही?" हिराओकासान येऊन मागं उभे होते.

सेगावानं मान खाजवली. "लढाई जिंकली की आम्ही पेटी खाली ठेवतो. चहाचा घोट घेतो."

"आणि घरी जी पोरं खेळणार," चिझुए म्हणाली, "ती चहा घेणारेत का? जिंकल्यावर कुठलं पोर गप्प बसतं?"

हिराओकासाननी वही उघडली, 'आढळलं' एवढंच लिहिलं आणि वाकले. या खेपेला जास्त खाली. चिझुएला कुठं बघावं कळेना, म्हणून ती खाली पळाली. टोफूवाला कोपऱ्यावर वळला होता. तिनं त्याला गाठलं आणि तळलेल्या टोफूचे आठ तुकडे घेतले.

सेगावाची दुरुस्ती तीन ओळींची निघाली. अंधार पडायच्या आत झाली. मग सगळे भिंतींशी उभे राहून अंगठे हलवत लढले. हलवायचा कसा हे चिझुएनं त्यांना दाखवलं. "असा नाही, कंटाळा आल्यासारखा," ती म्हणत होती. शूर पोरगा गुहेतच राहिला. नक्षीच्या कागदावर खडकातला तो एक चौकोन तिनं लाल न भरता काळा भरला आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला.

सोमवारी सकाळी प्रत तयार झाली. त्या उन्हाळ्यात कंपनी ओसाकालाच हलली, त्यामुळं ही चिझुएची शेवटची खेप ठरली. तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं पेटी जांभळ्या फडक्यात बांधली, गाठ ओढून बघितली, दोनदा. पोरं टेबलांवर डोकी टेकून झोपली होती. सेगावाच्या पायातून एक मोजा निघाला होता, तो तिनं जाता जाता त्याच्या बुटात ठेवला.

इमादेगावाच्या थांब्यावर नेमकी नवऱ्याचीच बस आली. ती चढली आणि दांडी धरून उभी राहिली. बस अर्धी रिकामी होती. नवऱ्यानं आरशातून बघितलं आणि ध्वनिक्षेपकात, रोजच्या सरकारी आवाजात म्हणाला, "गाडी सुटते आहे. उभ्या असलेल्या प्रवाशांनी कृपया बसून घ्यावं."

उभी एकटी तीच होती. समोरच्या दोन शाळकरी मुली तिच्याकडं बघायला लागल्या. चिझुए खिडकीबाहेर बघत राहिली.

देमाचियानागीला बस सोडून आगगाडी धरली. तिथंही जागा होती. ती दाराशी उभी राहिली, पेटी छातीशी, टाच चाललेली. शेजारच्या बाकावरची एक म्हातारी बराच वेळ त्या टाचेकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "बाई, दरिद्र येतं हो अशानं."

"येऊ दे की आजी," चिझुए म्हणाली. "बसायला नाही सांगणार त्याला."

म्हातारी तोंडावर हात ठेवून हसली आणि पिशवीतून एक संत्रं काढून तिला दिलं.

ओसाकात तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी नेहमीचा कारकून होता. त्यानं पेटी घेतली, कागद बघितले, खुर्चीकडं हात केला. "बसा. शिक्का मारून आणतो."

"असू दे," चिझुए म्हणाली.

तो आत गेला. खोलीत चार भिंती होत्या. तो परत येईस्तोवर तिनं चारींच्या कडेनं एक फेरी घातली. मग पावती घेतली, फडकं झटकून घडी केलं, आणि लिफ्ट समोर उघडी असूनही जिन्यानं खाली उतरली.